दादांच्या फोनमधलं माझं खातं

आमच्या घरात मी म्हशीशी बोलते. हे ऐकून बाहेरची माणसं जरा मागे सरकतात, म्हणून आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भायांशी, धाकट्या सुनेने तोंडासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत. भायांना घरात सगळे दादा म्हणतात. ही रीत आता पुष्कळ घरांतून गेली, आमच्यातूनही निम्मी गेली. डोक्यावरचा पदर गेला, पण बोलणं अजून वळसा घालूनच जातं. दादा ओट्यावर बसलेले असतात, समोर अंगणात म्हैस बांधलेली असते, आणि मी उंबऱ्यात उभी राहून म्हशीला म्हणते, "डाळ संपलीय म्हणावं." दादा खाकरतात. संध्याकाळी डाळ येते. म्हशीने आजवर एकही निरोप चुकवलेला नाही.

मला ही सोय मनापासून आवडते. तोंडावर जे बोलता येत नाही ते म्हशीला सगळं सांगता येतं. शिवाय मला मुळातच सोंगं काढायची हौस. कुणाच्याही लग्नात रुसलेल्या विहिणीची नक्कल करायला मलाच पुढे ढकलतात, आणि मी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा उठते.

पण एक गोष्ट म्हशीच्या हाताबाहेरची निघाली. ती म्हणजे माझं बँकेचं खातं.

आमच्या घरात पहिला मोबाईल आणला दादांनी. आम्हा सगळ्यांची खाती उघडली तेव्हा फॉर्मवर मोबाईल नंबरचा रकाना होता आणि घरात नंबर एकच होता. तोच सगळ्यांच्या फॉर्मवर गेला. माझ्या, नवऱ्याच्या, जाऊबाईंच्या. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला, पण बँकेतला नंबर बदलावा असं कुणाच्या मनात आलं नाही. रेशनकार्डावर जसं सगळ्यांच्या वर दादांचं नाव, तसा खात्यांवर दादांचा नंबर. आमच्या गल्लीत बहुतेक घरांचं असंच आहे. थोरल्याच्या खिशात सगळं घर वाजतं.

आता दादांचा चष्मा. तो कायम घरात असतो आणि दादा कायम ओट्यावर. सकाळच्या चहाला तिथे चार माणसं जमलेली असतात. फोन टिंग वाजला की दादा तो समोरच्याच्या हातात देतात. "वाचा बरं, काय आलंय." समोरचा मोठ्याने वाचतो. अमुक खात्यात अमुक जमा, आणि शेवटी, सगळ्यांचे कान ज्याच्यासाठी उभे असतात ती ओळ, उपलब्ध शिल्लक. मग सगळे एक घोट घेतात.

मी बाहेरच्या खोलीत शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको, परकर. गिऱ्हाइकं फोनवरून पैसे देऊ लागली तशी मीही मशीनच्या वर ती काळ्या चौकटींची पाटी लावली. पण पैशाचं ते ऍप म्हणतं, बँकेतला नंबर ज्या फोनात असेल तिथेच मी चालणार. म्हणजे तेही दादांच्याच फोनात. इकडे बाईने ब्लाउजचे पैसे टाकले की तिकडे ओट्यावर टिंग. मी धागा तोडायच्या आत बाहेरून आवाज यायचा, "अस्तराचं दिसतंय. साध्याला एवढं न्हाई घेत ती." मला कुणाला पैसे द्यायचे असले तर आणखी मजा. जाऊबाईंकरवी दादांचा फोन आत मागवायचा, पण आतल्या खोलीत रेंज नाही. मग उंबऱ्यात उभं राहून चारचौघांदेखत पिन दाबायचा. चारचौघं भली माणसं. पिन दाबताना ती आभाळाकडे बघायची. निदान एका डोळ्याने.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं आणि मी त्याची नक्कल करून लोकांना हसवलंही. मग गाळा निघाला.

आमच्या फाट्यावर, लिंबागणेशकडे रस्ता वळतो तिथे, एक गाळा रिकामा झाला. चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला जाणाऱ्यांमुळे त्या वळणावर पाय ठेवायला जागा नसते. एरवीही बीडकडे जाणाऱ्या-येणाऱ्या बाया तिथेच गाडीची वाट बघत उभ्या असतात, आणि उभ्या बाईला ब्लाउज आठवतंच. घरातलं दुकान ओळखीच्यांपुरतं, फाट्यावरचं दुकान सगळ्या रस्त्याचं. तो गाळा मला हवा होता. इतका, की जेवताना ताटात मला कात्रीचा फोटो असलेली पाटी दिसायची.

गाळ्याचे मालक आमच्या ओट्यावरच्या चहाचे कायमचे मानकरी. दादांचे दोस्त, इंग्रजी चांगलं, म्हणून फोन वाचायचा मान बहुतेक त्यांचाच. त्यांनी डिपॉझिट सांगितलं आणि दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. किती, ते मी इथे सांगणार नाही. का नाही ते पुढे कळेल. माझ्याकडे तेवढे जमत आले होते. सणासुदीचं शिवणकाम आलं, मी दिवसभर मान खाली घालून मशीन चालवली, आणि शिल्लक डिपॉझिटच्या पुढे गेली. ती पुढे गेल्याची बातमी मला गाळेवाल्यांच्या तोंडूनच कळली. दादांचा फोन हातात धरून, चहा फुंकत, त्यांनी ती ओट्यावर वाचली.

दुसऱ्या दिवशी डिपॉझिट वाढलं.

"भाव वाढलेत फाट्यावर," ते दादांना म्हणाले, मी ऐकावं अशा बेताने. नवीन आकडा आणि माझी शिल्लक जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

मी म्हशीला काहीच बोलले नाही. आत गेले, कात्री ठेवली आणि ठरवलं की माझ्या पैशाचा हिशोब माझ्याच हातात, माझ्याच फोनात, माझ्याच कुलपात राहील. त्यासाठी जे शिकावं लागेल ते शिकेन. मी ठरवलं की ठरवलं, हे माझ्या नवऱ्याला विचारा. तो तुम्हाला हिरव्या पडद्यांची गोष्ट सांगेल.

हिशोबाची ऍपं ढिगाने मिळतात आणि सगळी फुकट असल्याचं सांगतात. मी एकेक घेऊन बघायला लागले. पहिलं दिसायला देखणं होतं. उघडल्याबरोबर त्याने परवानग्या मागायला सुरुवात केली. तुमचे मेसेज वाचू का? तुमच्या ओळखीच्यांचे नंबर बघू का? तुम्ही कुठे आहात ते बघू का? कॅमेरा वापरू का? घरात पाऊल टाकायच्या आत माझ्या मामीचा पत्ता विचारणारा पाहुणा मी पहिल्यांदाच पाहिला. तरी मेसेजची परवानगी देऊन बघितली, कारण बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशोब मांडतो अशी त्याची बढाई होती. माझ्या फोनात बँकेचा एकही मेसेज नव्हता. ते सगळे दादांच्या खिशात. ऍपने रिचार्जच्या जाहिराती वाचल्या, थोडा विचार केला आणि जाहीर केलं की माझी कमाई शून्य आणि खर्च शून्य. खाली हसऱ्या तोंडाचं चित्र. मी ते त्याच मिनिटाला काढून टाकलं.

दुसऱ्याला थेट माझं बँक खातं जोडून हवं होतं. जोडायला ओटीपी लागतो. ओटीपी कुठे येणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दादा त्या दिवशी एका लग्नाला कडा गावी निघाले होते, काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून. जाऊबाईंनी त्यांना स्पीकरवर फोन लावला. दादांनी फोन शेजारच्या पाव्हण्याला दिला. पाव्हण्याने माझा ओटीपी गाडीच्या आवाजावर आवाज चढवून वाचला, वर विचारलं, "ताई, नीट आला ना ऐकू? परत वाचू का?" मागच्या सीटवरच्या कुणीतरी म्हटलं, "अहो, असलं कुणाला सांगायचं नसतं म्हणे." त्यावर पाव्हणा म्हणाला, "मी कुठं कुणाला सांगतोय, ज्याचं त्यालाच देतोय."

मी तो आकडा टाकलाच नाही. फोन पालथा ठेवला आणि हसत सुटले. जाऊबाई म्हणाल्या, "कावून हसायलीस गं?" मी म्हटलं, "बाई, माझ्या तिजोरीची किल्ली आत्ता काळी-पिवळीत फिरतीय."

तिसऱ्याच्या वेळी मी शहाणी झाले. आधी त्याचे नियम वाचायचे ठरवले. सगळे. त्याखाली 'मान्य आहे' असं बटण असतं आणि सगळं जग न वाचता ते दाबतं. मी ते मशीनवर बसून मोठ्याने वाचत गेले. कळलं नाही ते शब्द फोनातच शोधले. वाचायचं तेही आवाज लावून, हात फिरवत, मध्येच थांबून. जाऊबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

"ही काय पोथी लावलीस?"

"पोथीच हाय बाई. ऐका, ह्या अध्यायात म्हणतंय, तुमची माहिती आमी आमच्या मित्रमंडळींना देऊ शकतो."

"कोण मित्रमंडळी?"

"ते न्हाई सांगितलं."

जाऊबाईंनी शेंग बाजूला ठेवली. "काढून टाक मेल्याला."

असे दोन-तीन मेले काढले. शेवटी एक साधं सापडलं. त्याला नेट लागत नाही, बँक लागत नाही, माझी मामी लागत नाही. जमा-खर्च आपल्या हाताने लिहायचा, आणि उघडायला पिन. आठवड्याला एकदा त्याची प्रत काढून ठेवायची, म्हणजे फोन हौदात पडला तरी हिशोब कोरडा. त्या प्रतीला वेगळं कुलूप. दिसायला अगदीच ओबडधोबड होतं, पण तोंड बंद ठेवणारं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. पिन ठरवताना मी घरातल्या सगळ्यांचे पिन आठवून पाहिले. नवऱ्याचा पिन म्हणजे ट्रॅक्टरचा नंबर, तो मागे रंगवलेलाच आहे. जाऊबाईंचा पिन त्यांच्या लग्नाचं साल, ते भांड्यांवर कोरलेलं आहे. माझा कशावर आहे ते सांगते. नाही सांगत.

आता ऍप पक्कं होतं. मी पहिल्या दिवसापासूनचा हिशोब त्यात भरला आणि समाधानाने चहा ठेवला. बाहेर टिंग वाजलं. गाळेवाल्यांचा आवाज आला, "परकराचं दिसतंय. उपलब्ध शिल्लक..." मी आधण ठेवलेल्या पातेल्याकडे बघत राहिले. दाराला सात कुलपं लावली होती आणि मागची भिंतच नव्हती.

नंबर बदलायला हवा होता. त्याशिवाय इलाज नव्हता.

नवऱ्याला सांगितलं. तो कापसाला फवारणी करून आला होता, हातपाय धूत होता. तसाच ओला उभा राहिला.

"नंबर काढायचा? दादाचा?"

"माझ्या खात्यावरून. दादांच्या फोनातून न्हाई."

"ते येकच झालं. लोक म्हणतील, चूल वेगळी केली."

"चुलीचा काय संबंध?"

"अगं, आज नंबर, उद्या बांध." त्याने टॉवेल घेतला. "दादाच्या मनाला लई लागंल. तू म्हशीला सांगून बघ."

तो चेष्टेत म्हणाला, पण मी सांगून बघितलं. म्हशीला म्हटलं, ज्याचा त्याचा नंबर असला तर बरं असतं म्हणावं. दादा खाकरले नाहीत. उठून शेताकडे गेले. म्हशीने पहिल्यांदाच निरोप माघारी आणला होता.

त्यांना वाईट वाटलं हे मला कळत होतं. सासरे गेल्यावर त्यांनीच हे घर ओढलं. आमच्या खात्यांचे मेसेज त्यांच्या खिशात वाजायचे तेव्हा त्यांना पैसे दिसत नव्हते, सगळं घर जवळ असल्याचं ऐकू येत होतं. बँकेत एकटी जाऊन, गुपचूप फॉर्म भरून यायला मला कुणी अडवणार नव्हतं. पण मग मेसेज बंद झालेला त्यांना ओट्यावर, सगळ्यांसमोर कळला असता. तसं मला करायचं नव्हतं. गाळाही हवा होता आणि घरही. यातलं एक सोडून दे असं मला कुणी सांगू नये म्हणून मी कुणाला विचारलंच नाही. मशीनवर बसून वाट बघत राहिले.

संधी गाळेवाल्यांनीच आणून दिली. गावात सप्ताह बसणार होता आणि वर्गणीचं काम त्यांच्याकडे होतं. ओट्यावर माणसं भरलेली. मी दाराआड उभी.

"दादा, तुमची काय लिहू?"

दादांनी मिशीवरून हात फिरवला. "लिहा की. पण यंदा जरा कमी लिहा. कारखान्याचं बिलच आलं न्हाई अजून. हातात दमडी न्हाई."

"न्हाई आलं?"

"कुठलं येतंय. खेटे घालून चपला झिजल्या."

टिंग.

दादांचा हात सवयीने खिशात गेला आणि सवयीनेच फोन गाळेवाल्यांकडे गेला. चूक झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं तोवर गाळेवाल्यांनी गळा साफ केला होता. त्यांनी वाचलं. कारखान्याकडून जमा. किती, तेही वाचलं. उपलब्ध शिल्लक तर ठेका धरून वाचली.

मग कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "चपला घ्या आता नव्या."

हसणं असं उसळलं की बांधलेल्या म्हशीने मान वर करून बघितलं. गाळेवाले पेन काढून बसले. "तर मग दादा, कमी लिहू का जास्त?" दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या माणसाला मी इतक्या वर्षांत कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. मला हसू येत होतं, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम.

मी दार उघडून बाहेर आले. म्हशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दादा," मी म्हटलं, "हे असंच माझ्या खात्याचं रोज होतंय. माझा नंबर मला पायजे. मी वेगळी न्हाई व्हायली. फक्त माझं मला वाचायचंय."

आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. कुणी आपल्या कपातल्या चहाकडे बघू लागलं, कुणी चपला शोधू लागलं. दादांनी गाळेवाल्यांच्या हातातून फोन घेतला. सावकाश खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. अंगणाकडे तोंड केलं आणि म्हशीला म्हणाले, "तिला म्हणावं, उद्या बँकेत जायचंय. सगळ्यांनीच. आधार कार्ड घे म्हणावं."

बीडला आम्ही चौघं गेलो, इस्त्रीचे कपडे घालून, बघायच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखे. काउंटरवरच्या मुलीने तीन फॉर्म घेतले आणि दादांकडे बघून विचारलं, "काका, सगळ्यांचेच नंबर वेगळे करताय? काही वाद आहे का?"

दादा ताठ झाले. "वाद कशाचा? आमी एकत्रच हाव. म्हैस येक, चूल येक. नंबर तेवढे वेगळे."

जाऊबाईंनी सही करताना माझ्या कोपराला कोपर लावलं. त्यांचं दुधाचं खातं होतं. इतकी वर्षं त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि आता त्या पेन असं दाबून धरत होत्या की फॉर्म फाटतो की काय असं वाटलं.

शेवटचा मेसेज जुन्या नंबरवर आला, तसा नियमच आहे. त्या वेळी दादा ओट्यावर एकटे होते. त्यांनी मला हाक मारली नाही, कुणाला वाचायलाही दिला नाही. आत येऊन देवळीतला चष्मा घेतला, पुसला आणि ओठ हलवत स्वतः वाचला.

"खाली लिहिलंय," ते कपाटाला म्हणाले, "हा बदल तुमी केला नसंल तर तातडीनं कळवा."

"आपणच केला की," मी कपाटाला सांगितलं.

"आपणच केला," दादा म्हणाले, आणि चष्मा देवळीत न ठेवता खिशात ठेवला.

माझ्या फोनात माझ्या नंबरवर पैशाचं ऍप सुरू केलं, चारचौघांनी एका डोळ्याने पाहिलेला जुना पिन बदलला, आणि मशीनवरची पाटीही नवी लावली. दिवाळी जवळ आली. ओट्यावर चहा चालूच होता, पण टिंग पातळ झालं होतं. गाळेवाले बेचैन. माझ्याकडून काही विचारणा होत नव्हती, आणि गाळा रिकामा म्हणजे भाड्याचं नुकसान. एक दिवस त्यांनी दादांना गाठलंच. मी आत पिको करत होते, पाय थांबवला.

"सूनबाईंचं काय ठरतंय? जमलेत का न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई."

"तुमाला म्हाईत न्हाई असं कसं होईल, दादा?"

"खरंच म्हाईत न्हाई," दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला चक्क ऐट ऐकू आली. "म्हशीला इचारा. तिला सगळं सांगती ती."

गाळेवाल्यांनी म्हशीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती. त्यानंतर ते माझ्या दाराशी आले, आणि समोरच्याला काहीच माहीत नसताना घासाघीस किती गोड होते ते मला कळलं. मी विहिणीचं सोंग काढलं. मान वळवली, उसासा टाकला, परवडत नाही म्हटलं, त्याच रस्त्यावर दुसरीकडेही बघतेय म्हटलं. ते पहिल्या आकड्यावर आले. मी आणखी थोडी रुसले. पहिल्याच्याही जरा खाली आले.

आता मी फाट्यावर बसते. ताटात दिसायची तशीच पाटी आहे, कात्रीसकट. संध्याकाळी दादा बाजार करून परतताना गाळ्यात टेकतात. तिथे म्हैस नाही. मग ते माझ्या शिलाई मशीनशी बोलतात.

"धंदा बरा चाललाय का म्हणावं?"

"बरा हाय म्हणते," मी सांगते.

"किती झालं आज?"

मी पायडल दाबते. मशीन जोरात चालायला लागते, आणि दादा हसत पिशवी उचलतात.